‘डी. सी.’ म्हणजे मुका खांब की खांब? संशोधनात शब्द नोंदवताना



संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत नमुना निवड, प्रश्नावली, संदर्भ लेखन या सगळ्यावर प्रकरणं असतात. पण गोळा केलेला शब्द तक्त्यात नेमका कसा लिहायचा, यावर फारसं कुणी बोलत नाही. ‘ते शुद्धलेखनाचं काम, शेवटी बघू’ असं आपण म्हणतो. मीही तेच म्हटलं होतं. त्यापायी माझा एक अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला. आजचा लेख त्याबद्दल आहे.

माझा विषय क्रोशाकाम आणि लेसकाम यांची परिभाषा. साहित्य म्हणजे बायकांनी घरी लिहून ठेवलेल्या नमुन्यांच्या वह्या, हस्तकलेची जुनी पुस्तकं आणि मुलाखती. तुमचा विषय शेतीची अवजारं असेल, औषधी वनस्पती असतील, नाहीतर लोकनाट्य असेल. शब्द वेगळे, पण अडचण हीच येणार. म्हणून उदाहरणं लेसकामाची घेते, तुम्ही ती आपापल्या विषयाला लावून बघा.

माझी चूक

एका वहीत रुमालाचा नमुना होता. सुरुवात अशी: ‘साखळी ६, गोल जोडा. साखळी ३, डी. सी. ११.’

‘डी. सी.’ म्हणजे डबल क्रोशे, इथपर्यंत अडचण नव्हती. अडचण पुढे आहे. ब्रिटिश पुस्तकांतलं डबल क्रोशे आणि अमेरिकन पुस्तकांतलं डबल क्रोशे हे दोन वेगळे टाके आहेत.

ब्रिटिश डबल क्रोशे हा बुटका टाका. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. आपल्याकडे याला ‘मुका खांब’ म्हणतात. अमेरिकन डबल क्रोशे हा उंच टाका. त्यात आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरचे तीन फासे दोन-दोन करून सोडवायचे. हा आपला ‘खांब’. ब्रिटिश पुस्तकात याच खांबाला ट्रेबल म्हणतात आणि आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणतात. म्हणजे अमेरिकन नावं ब्रिटिश नावांच्या एक पायरी मागे चालतात.

मी काय केलं? ‘भारतात पुस्तकं आली ती इंग्रजांकडून, म्हणजे पद्धत ब्रिटिशच असणार’ असं गृहीत धरलं आणि सगळ्या वह्यांतल्या सगळ्या ‘डी. सी.’पुढे तक्त्यात ‘मुका खांब’ लिहून टाकलं. त्याहून वाईट म्हणजे मूळ अक्षरं ठेवलीच नाहीत. तक्ता एकदम स्वच्छ दिसत होता.

पुढे तो तक्ता घेऊन मी वहीच्या मालकीणबाईंकडे गेले. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा लावला, एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, “अगं, हे कुणी सांगितलं तुला? तीन साखळ्या घेऊन शेजारी मुका खांब कोण घालतं? हा खांबच आहे.”

मी म्हटलं, “बाई, पण वहीत डी. सी. लिहिलंय.”

“लिहिलंय ना. पण करून बघितलंस का?”

नव्हतं बघितलं.

त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं आणि त्या दोन्ही त्या छोट्या ओळीतच होत्या. पहिली, साखळीची संख्या. नव्या फेरीची सुरुवात करताना पहिल्या टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घेतात: मुक्या खांबाला साधारण एक, खांबाला तीन. इथे तीन आहेत. दुसरी, टाक्यांची संख्या. त्या तीन साखळ्या पहिला टाका धरून अधिक अकरा म्हणजे बारा. गोल सपाट बसायचा असेल तर पहिल्या फेरीत मुके खांब साधारण सहा घेतात आणि खांब बारा. मी घरी येऊन दोन्ही रीतींनी विणून बघितलं. खांब घेऊन गोल सपाट बसला. मुके खांब घेतल्यावर कडेला चुण्या पडून बसला.

म्हणजे ही वही अमेरिकन पद्धतीच्या नमुन्यावरून उतरवलेली होती. दुसऱ्या काही वह्यांत खरोखरच ब्रिटिश पद्धत होती. माझ्या तक्त्यात दोन्हींची सरमिसळ झाली होती आणि मूळ अक्षरं नसल्यामुळे तक्त्यावरून ती सोडवता येत नव्हती. प्रत्येक वही पुन्हा उघडावी लागली.

तुम्हाला वाटेल, ‘सिंगल क्रोशे’ असा शब्द दिसला की अमेरिकन समजावं, सोपं आहे. आजच्या पुस्तकांपुरतं ते बरोबर आहे. पण जुन्या ब्रिटिश पुस्तकांत ‘सिंगल क्रोशे’ हे नाव तिसऱ्याच टाक्याला आहे. ज्याला आता स्लिप स्टिच म्हणतात, त्या नुसत्या जोडटाक्याला. म्हणजे खुणेचा शब्दसुद्धा काळ बघूनच वाचावा लागतो.

यातली गंमत बघा. इंग्रजीत जिथे घोळ आहे, तिथे ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ हे मराठी शब्द स्वच्छ वेगळे आहेत. मी मात्र बोलीतला शब्द कच्चा आणि छापील इंग्रजी शब्द पक्का असं धरून चालले होते.

आता या प्रकारच्या अडचणी तीन गटांत मांडते. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून त्या एकत्र करू नका.

अडचण पहिली: वस्तू एक, लेखन अनेक

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटा आकडा. मराठीत तो क्रोशा, क्रोशे, क्रोशिया, क्रोचे, क्रोचेट अशा अनेक रूपांत सापडतो. त्यात विभक्तीची भर. ‘घसा–घशाला’ हा नियम आपण शाळेत शिकतो, पण ‘क्रोशा’चं काय करायचं हे प्रत्येक जण आपल्या कानाने ठरवतो. कुणी ‘क्रोशाचा रुमाल’ लिहितं, कुणी ‘क्रोश्याचा’.

वाचणाऱ्याला यात काही अडत नाही. शोधणाऱ्याला अडतं. फाइलमध्ये ‘क्रोशा’ टाकून शोधलंत तर ‘क्रोशाचा’ सापडेल, ‘क्रोश्याचा’ सापडणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने मधे ‘य’ आला. म्हणून शोधताना पूर्ण शब्द न टाकता सगळ्या रूपांत समान असलेला तुकडा टाका. इथे तो ‘क्रोश’. ‘क्रोच’ वेगळा शोधावा लागेल. ग्रंथालयाच्या सूचीत पूर्ण शब्दच जुळवला जात असेल तर प्रत्येक रूप एकेक करून टाकायचं आणि कोणकोणती रूपं टाकून बघितली ते लिहून ठेवायचं.

मराठीत आणखी एक न दिसणारी अडचण आहे. ‘दोऱ्याचं काम’ यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेलं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲप्लिक’मधल्या ‘ॲ’चंही तसंच: कुठे ते एक अक्षर असतं, कुठे ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. वेगवेगळ्या लोकांकडून टंकून घेतलेला मजकूर एकत्र केलात तर आधी ही रूपं एकसारखी करून घ्या. हे करायला हरकत नाही, कारण हा फरक लिहिणाऱ्या बाईंचा नसून कळफलकाचा आहे.

‘क्रोशा’ आणि ‘क्रोशिया’ यांतला फरक मात्र कळफलकाचा नाही. हिंदीत ‘क्रोशिया’ रूढ आहे. एखाद्या मराठी वहीत तेच रूप सतत येत असेल तर लिहिणारीने ते कुठून शिकलं याची ती खूण असू शकते. ते ‘दुरुस्त’ केलंत तर पुरावा गेला.

अडचण दुसरी: शब्द एक, वस्तू अनेक

‘डी. सी.’ची गोष्ट याच गटातली. अशी आणखी काही उदाहरणं.

‘लेस’ हा शब्दच घ्या. त्याचं मूळ लॅटिनमध्ये फास या अर्थाच्या शब्दात आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी याद्यांत लेस म्हणजे बांधायची दोरी किंवा कपड्यावर शिवायची विणलेली पट्टीही असू शकते. म्हणून जुन्या यादीत ‘लेस’ दिसली की ती जाळीदारच असेल असं धरता येत नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? दुकानात साडीला लावायची तयार पट्टीही लेस आणि बुटाची नाडीही लेस.

‘पर्ल’ हा शब्द मराठी संशोधकासाठी खास धोक्याचा आहे. दोन सुयांच्या विणकामात पर्ल म्हणजे आपला उलट टाका. पण लेसच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत पर्ल म्हणजे कडेला सोडलेला छोटा फास, ज्याला आता पिको म्हणतात. तोच शब्द कधी मोती या अर्थाच्या ‘पर्ल’च्या स्पेलिंगने छापलेला असतो. भाषांतर करताना एकाने ‘उलट टाका’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘मोती ओवा’ लिहिलं, तर दोन्ही चूक.

बॉबिन लेसमध्ये, म्हणजे उशीवर टाचण्या टोचून दोऱ्याच्या बारीक कांड्या एकमेकींवरून नेत विणतात त्या लेसमध्ये, दोनच मूळ हालचाली असतात. चार कांड्यांतल्या मधल्या दोघींची अदलाबदल म्हणजे क्रॉस. प्रत्येक जोडीतल्या जोडीत पीळ म्हणजे ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी वीण येते. काही पुस्तकं यालाच ‘होल स्टिच’ म्हणजे पूर्ण टाका म्हणतात. काही पुस्तकं पुढे आणखी एक ट्विस्ट दिल्यावरच तो पूर्ण मानतात. त्यामुळे नुसतं ‘पूर्ण टाका’ लिहून भागत नाही. हालचालींचा क्रमच लिहायचा.

कधी गावाचं किंवा देशाचं नावही फसवतं. ‘प्वाँ दांग्लतेर’ या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘इंग्लंडचा टाका’. फ्रेंचमध्ये ‘प्वाँ’ म्हणजे टाका, म्हणून ही सुईने केलेली लेस असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती बॉबिनवरची आणि मुख्यतः ब्रुसेल्स भागातली. १६६२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने परदेशी लेसच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा व्यापाऱ्यांनी फ्लेमिश माल इंग्रजी म्हणून विकला आणि हे नाव पडलं, अशी कथा पुस्तकांतून सांगितली जाते. कथा बाजूला ठेवा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की नावावरून ना देश ठरतो, ना तंत्र.

भारतातही हेच होतं. १८२०च्या सुमारास नागरकोइल इथे मार्था मॉल्ट या मिशनरी पत्नीने मुलींना बॉबिन लेस शिकवायला सुरुवात केली. आंध्रातल्या नरसापूरची ‘लेस’ मात्र क्रोशाच्या सुईवरची. मारिया मीस यांचं नरसापूरच्या कामगार स्त्रियांवरचं १९८२ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे आणि त्याच्या नावातही ‘लेस’च आहे. नुसता ‘लेस’ हा शब्द धरून या दोन ठिकाणांच्या मजुरीची किंवा कामाच्या तासांची तुलना केलीत तर वेगवेगळ्या कामांची तुलना होईल.

गोव्यावर काम करणाऱ्यांना आणखी एक इशारा. पोर्तुगीजमध्ये ‘रेंदा’ म्हणजे लेस, आणि ‘रेंदा’ म्हणजे खंड किंवा भाडंही. दोन शब्द, स्पेलिंग तंतोतंत एक. ताडी काढणाऱ्याला कोकणीत ‘रेंदेर’ म्हणतात, तो दुसऱ्या रेंदाशी, खंडाशी जोडलेला शब्द. लेसशी त्याचा संबंध नाही. कागदपत्रांत लेस शोधायची असेल तर ‘रेंदा द बिल्रोस’, म्हणजे बॉबिनची लेस, असा जोडशब्द शोधणं जास्त उपयोगी.

अडचण तिसरी: काम एक, नावं अनेक

टॅटिंग ही हातातल्या छोट्या शटलने गाठी मारत करायची लेस. इंग्रजी शब्दाचं मूळ निश्चित नाही. फ्रेंचमध्ये या कामाला ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात, म्हणजे थिल्लरपणा. इटालियनमध्ये ‘क्याक्येरीनो’, गप्पा या अर्थाच्या शब्दापासून. जर्मन लोक ‘ओक्की’ म्हणतात, आणि हा शब्द इटालियन आहे, अर्थ ‘डोळे’. म्हणजे इटालियन शब्द जर्मनांनी घेतला आणि इटालियन लोक स्वतः दुसराच वापरतात. फिनिश आणि तुर्की नावं सरळ ‘शटलची लेस’ या अर्थाची आहेत.

नावांवरून ‘ही बायकांच्या गप्पांची कला’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. नाव कुणी ठेवलं, करणाऱ्यांनी की बघणाऱ्यांनी, हे कळल्याशिवाय तसं लिहू नका.

इथेच भाषांतराचा एक सापळा आहे. शटलला मराठीत ‘धोटा’ हा छान शब्द आहे. पण धोटा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे हातमाग येतो. त्यात ‘विणकाम’ हा शब्द मागालाही चालतो आणि स्वेटरलाही. टॅटिंगवरच्या परिच्छेदात ‘धोट्याने विणकाम’ लिहिलंत तर शब्द शुद्ध मराठी असूनही वाचक भलतीकडे जाईल. मी ‘शटल’च ठेवते, आणि ते का ठेवलं ते प्रबंधात एका वाक्यात सांगते.

मग करायचं काय?

चूक झाल्यावर मी तक्ता नव्याने आखला. आता त्यात पाच रकाने आहेत.

१. मूळ रूप. वहीत किंवा मुलाखतीत आहे तसंच. ऱ्हस्व-दीर्घ, टिंबं, संक्षेप, सगळं. इथे हात लावायचा नाही.

२. प्रमाण रूप. शोधायला आणि मोजायला सोपं जावं म्हणून तुम्ही ठरवलेलं एकच लेखन.

३. कृती. नाव न घेता, हाताने काय करायचं ते. ‘वेढा एक, फासे तीन, दोन-दोन सोडवणे’ असं. दोन नावं एकच आहेत की नाहीत हे या रकान्यावरून कळतं.

४. स्रोत. कोणती वही, कोणतं पान, कोण बोललं, कधी.

५. अर्थ कशावरून ठरवला. ‘वहीत चित्र आहे’, ‘विणून बघितलं’, ‘मालकीणबाईंनी सांगितलं’, किंवा नुसतंच ‘माझा अंदाज’. हा रकाना भरताना लाज वाटते, म्हणूनच तो हवा. माझ्या पहिल्या तक्त्यात तो असता तर पानभर ‘माझा अंदाज’ बघून मीच थांबले असते.

याशिवाय दोन सवयी. पहिली, आपल्या लिखाणासाठी एक लेखन निवडा, निवडीचं कारण सुरुवातीला सांगा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मी ‘क्रोशा’ निवडलं, कारण मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक जणी तोच शब्द वापरतात. तुम्ही ‘क्रोशे’ निवडाल तर तेही चालेल. अर्ध्या प्रबंधात एक आणि अर्ध्यात दुसरं मात्र चालणार नाही. दुसरी, उताऱ्यात दुसऱ्याचं लेखन कधी बदलू नका. वाचकाला छपाईची चूक वाटेल असं रूप असेल तर कंसात ‘मूळ लेखन असेच’ अशी नोंद करा.

हे सगळं कामाच्या पहिल्या आठवड्यात करायचं आहे. शब्दांचं धोरण म्हणून एक पान लिहा: कोणते फरक तुम्ही पुसणार (कळफलकाचे), कोणते जपणार (लिहिणाऱ्याचे) आणि शंका आली तर कुणाला विचारणार. मार्गदर्शकांना ते पान दाखवा. पुढे धोरण बदललं तर तारीख घालून बदला, जुनं पान फेकू नका.

आणि शक्य असेल तिथे गोष्ट स्वतः करून बघा. मला क्रोशाची सुई धरता येत होती, तरी मी ती धरली नव्हती, कारण ‘मी अभ्यास करतेय, विणत नाहीये’ असं माझं मत होतं. बारा टाक्यांचा तो गोल विणायला दहा मिनिटं लागली. तक्ता दुरुस्त करायला दोन महिने.

आज एवढंच करा: तुमच्या विषयातले दहा शब्द घ्या आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ तुम्हाला कशावरून कळला ते लिहा. ज्यांच्यापुढे ‘माहीतच आहे’ असं लिहावंसं वाटेल, त्यांच्यापासून सुरुवात करा.